नीलवज्राच्या फुग्यांतलं अक्षर

लाखनीला हायवेला लागून आमचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे काय, वर टिन, खाली शेणानं सारवलेली जमीन, दोन भट्ट्या, चार बाकडी आणि बाबांचा आवाज. "बसा ना भाऊ, पानी घ्या आधी." मागच्या भिंतीला एक दार होतं आणि त्या दारापलीकडे आमचं घर. त्यामुळे घर कुठं संपतं आणि हॉटेल कुठं सुरू होतं, ते आम्हाला कधी नीट कळलंच नाही. पहाटे आई आलुबोंड्यांसाठी आलू उकडायची, त्याच चुलीवर मागाहून आमचा भात शिजायचा. दिवसभर ट्रक थांबायचे. ब्रेकचा तो लांबलचक सुस्कारा, दार आपटल्याचा आवाज, मग तेलात भजी सोडल्याची चरचर. हे आवाज बंद पडले की मला अजूनही गमत नाही. लग्न होऊन तुमसरला गेले तेव्हा पहिले कित्येक दिवस मी जेवता जेवता घास हातात धरून बसायची, कान देऊन. सासूबाई म्हणायच्या, "काय ऐकून राहिली व?" काय सांगणार त्यांना!

त्या हॉटेलात एक चहापत्तीचा रिकामा लाकडी खोका होता आणि त्यात कॉमिक्स होत्या. बाबांनी काही वाचनालय काढलं नव्हतं. ट्रकवाले लांबच्या रस्त्यानं यायचे, गाडीत वाचायला हिंदी कॉमिक्स ठेवायचे, वाचून झाली की बाकड्यावर टाकून जायचे. बाबा आठवी शिकलेले, छापलेला कागद त्यांना फेकवत नसे. त्यांनी खोका ठेवला आणि नियम केला, एक ठेवा, एक न्या. असे असे मिशीवाले, दंडावर गोंदलेले बाप्ये ट्रकच्या सावलीत सतरंजी टाकून, ओठ हलवत कॉमिक्स वाचायचे आणि राक्षस मेला की मांडीवर थाप मारायचे. पुस्तकं कधी पूर्ण नसत. कुणी पहिलं पान फाडून हात पुसलेले, कुणी शेवटच्या पानात बिडीबंडल बांधून नेलेलं. आम्ही कित्येक राक्षस मरताना पाहिलेच नाहीत.

सगळ्यात जास्त मागणी नीलवज्राला. आज तो कुणाला आठवत नसेल. दिवसा तो पोस्टमन होता, सायकलवरून चिठ्ठ्या वाटायचा, आणि संकट आलं की खाकी कपडे जाऊन निळा अंगरखा, पाठीवर निळी चादर. मुठीतून वीज निघायची आणि तो उडायचा. परवा माझा नातू नागपूरहून आला. त्याच्या दप्तरावर, बनियनवर, पाण्याच्या बाटलीवर, जिथं पाहावं तिथं असलेच उडणारे वीर. मला म्हणतो, "आजी, तुझा फेवरेट कोणता?" मी म्हटलं, "जा बाप्पा, मले नाही कळत त्यातलं." साफ खोटं बोलले लेकराशी. मोठ्या पडद्यावर त्यांचे सिनेमे लागतात, घरचे सगळे जातात, मी डोकं दुखतं म्हणून घरी राहते. का राहते ते आज लिहायला बसले आहे.

कुंदा आमच्या शेजारची. तिचा बाप सखारामकाका, तलावाखाली त्यांच्या धानाच्या बांध्या, चिखलाची भातखाचरं. कुंदाला चौथीतून काढलं आणि बांधीत उतरवलं, घरचं काम आटोपलं की दुसऱ्यांच्या शेतात मुकादमाच्या हाताखाली मजुरीलाही धाडलं, मी हॉटेलवाल्याची एकुलती एक पोट्टी म्हणून शाळेत राहिले. पण जीव एकच होता आमचा. धानाची रोपं लावायच्या, रोवणीच्या दिवसांत ती संध्याकाळी यायची तेव्हा तिच्या पायांच्या बेचक्या चिखलानं कुजलेल्या असायच्या. आई तिला गरम तेल लावायला द्यायची आणि ताटलीत दोन बोंडे. ती तेल लावायची, मी बोंडे तोडून तिच्या तोंडात भरवायची आणि मांडीवर नीलवज्र उघडून हिंदीचं मराठी करून सांगायची. चित्रं तिला माझ्यापेक्षा जास्त कळायची. "पाह्य शके, हा राक्षस रागावला नाही हाय, घाबरला हाय. त्याच्या पायाचे बोटं पाह्य." आणि खरंच, बोटं आत वळलेली असायची.

एक दिवस ती म्हणाली, "हा उडून उडून दिल्लीलेच काहून जाते व? आपल्याकडे राक्षस नाही का?"

"आपल्याकडं कोण राक्षस हाय?"

"आमचा मुकादम काय कमी हाय!"

तिथून सुरू झालं. नीलवज्राचं एक पुस्तक आम्ही खोक्यातून काढून आमच्यासाठी ठेवून घेतलं. चित्रांतली माणसं ज्या गोल गोल फुग्यांतून बोलतात, ते फुगे आम्ही झाकायचं ठरवलं. वहीचा कोरा कागद मी फुग्याच्या मापानं कापायची, भाताच्या पेजेची खळ लावून चिकटवायची आणि त्यावर कुंदा सांगेल ते लिहायची. बोलणं तिचं, अक्षर माझं. माझं अक्षर फार सुरेख होतं, हॉटेलच्या पाटीवर खडूनं भाव मीच लिहायची. हिंदीत गर्जना करणारा नीलवज्र आमच्या बोलीत बोलायला लागला. राक्षसाचा मुकादम झाला, ज्या बाईला नीलवज्र वाचवतो तिची कुंदा झाली. "थांब रे मुकादमा, कुंदीचे पाय सडून राहिले अन् तू धुऱ्यावर बसून बिडी ओढतं?" आम्ही तोंडात पदर कोंबून हसायचो. आई आतून ओरडायची, "काय व बह्याडहो, भूत लागलं का?"

पण सगळं हसण्यावारीच नव्हतं. पुस्तकाच्या शेवटाकडे एक मोठं चित्र होतं, पानभर. नीलवज्र त्या बाईला पाठीवर घेऊन नदीवरून उडतो आहे, खाली माणसं मुंग्यांएवढी. कुंदानं त्या पानावर बोट ठेवलं आणि नदीवरून हळूहळू फिरवलं. मग म्हणाली, "लिव. 'कुंदे, थकली ना तू? बस माह्या पाठीवर. तुले वैनगंगेच्या पल्याड नेतो. बापाले नोको सांगू, सांजच्याले तलावाच्या पारीवर ये.'" मी लिहिलं. ती म्हणाली, "वाच." मी वाचलं. "अजून एक डाव वाच." सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला तोपर्यंत कुणी थकलीस का म्हणून विचारलं नव्हतं. तिनं ते स्वतःच स्वतःला विचारून घेतलं, एवढीच गोष्ट होती ती. देवाशप्पथ, एवढीच!

धान निघालं आणि कुंदाचं लग्न ठरलं, सिहोऱ्याला. मुलगा बरा होता, शांत, पाहायला आला तेव्हा तिच्यापेक्षा तोच जास्त लाजला. कुंदा मला म्हणाली, "मानूस चांगला वाटते व. पान्याचा गिलास खाली ठेवताना आवाज नाही केला त्यानं." असं बारीक पाहायची ती. हळदीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "शके, थे पुस्तक चुलीत घाल. कोनाच्या हाती लागलं तं भलतंच होऊन बसन."

मी हो म्हटलं. चुलीपाशी नेलंसुद्धा. पण मेलं माझं मन होईना. आपल्या दोघींचं असं जगात ते एकच होतं. मला वाटलं, नव्या घरी हिला करमलं नाही तर काढून पाहील, चित्रं पाहील, माझी आठवण करील. शहाणी मी! लग्नाच्या धावपळीत तिच्या टिनाच्या पेटीत लुगडी भरायचं काम माझ्याकडे होतं. पेटीच्या तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली मी ते पुस्तक सारलं आणि वरून लुगडी रचली. तिला सांगितलं नाही. अचानक सापडेल, हसेल, असा माझा बेत.

आमच्याकडे नवरीची पेटी सासरी गेल्यावर नणंदेनं उघडायची रीत आहे. चार बाया बसतात, लुगडं लुगडं उलगडून पाहतात, माहेरचं कौतुक करतात नाहीतर नाकं मुरडतात. ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. वर्तमानपत्राखाली कोण पाहतं, असं वाटलं मला. रिकाम्या पेटीत कडुलिंबाचा पाला घालायला म्हणून नणंदेनं कागद उचलला.

वीसेक दिवसांनी सखारामकाकांच्या अंगणात बैठक बसली. दुपारची वेळ, अंगणात वाळत घातलेलं धान एका बाजूला सारलेलं. कुंदाचे सासरे, सासू, नवरा आणि त्यांच्या गावचे दोन जाणते आले होते. कुंदा ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती, पदर कपाळापर्यंत. हिंदी-मराठी दोन्ही वाचता येणारा शेजारी म्हणून बाबांना बोलावलं होतं. मी पाण्याचे गिलास घेऊन गेले आणि दारातच थबकले, कारण सासऱ्यांनी पिशवीतून नीलवज्र काढला होता.

कुंदानं पुस्तकाकडे पाहिलं आणि मग सरळ माझ्याकडे. ते जाळलं नाही हे तिला त्याच क्षणी समजलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. नुसतं असं होतं की, अवं, हे काय केलं व तू?

"वाचा नारायनभाऊ," सासरे म्हणाले. "मोठ्यानं वाचा. सगळ्याइले आयकू द्या."

बाबांनी चष्मा लावला, पान उघडलं आणि त्यांचा हात थांबला. रोज सकाळी ज्या अक्षरात पाटीवर भाव वाचायचे, तेच अक्षर. त्यांनी मान वर केली नाही. घसा साफ केला आणि वाचलं. कुंदे, थकली ना तू? बस माह्या पाठीवर. बापाले नोको सांगू, सांजच्याले तलावाच्या पारीवर ये. माझ्या बाबांच्या तोंडून ते शब्द इतके घाण वाटत होते की मला तिथल्या तिथं मरावंसं वाटलं. सखारामकाकांनी डोक्यावरचा दुपट्टा काढून तोंडाला लावला.

"कोन हाय हा?" सासू म्हणाली. "कोन तलावावर बोलवत होता तुले?"

"कोनी नाही," कुंदा म्हणाली. "थो चित्रातला हाय."

दोघे-तिघे हसले. जाणत्यांपैकी एक म्हणाला, "चित्रातला मानूस तुहं नाव घेऊन बोलते का बाई?"

"हाव. म्याच बोलवला त्याले. बोलनं माहं हाय."

"अन् अक्षर?"

कुणीतरी पाटी आणून तिच्यापुढे ठेवली. तिनं चौथीतल्या वाकड्यातिकड्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं. पाटी हातोहात फिरली, पुस्तकाशेजारी धरून पाहिली गेली. "हे तं मास्तरासारखं अक्षर हाय," सासरे म्हणाले. "नारायनभाऊ, तुमी गावातले. कोनाचं असन?"

बाबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. नको तितका वेळ पुसला. म्हणाले, "मले नाही सांगता येत बा."

मग इतका वेळ खाली मान घालून बसलेला नवरा बोलला. कुंदाकडे पाहून, अगदी हळू. "कोनं लिवलं फक्त थे सांग. तू म्हनते तसं काही नसन, तं नाव सांग. मी आताच्या आता घेऊन जातो तुले."

आता इथं मला थांबावं लागतं. त्यानं दार उघडं ठेवलं होतं. "शकूनं लिवलं" एवढे दोन शब्द, आणि सगळ्यांसमोर त्या पाटीवर मी एक ओळ लिहून दाखवली असती तर अर्ध्या तासात सगळे हसत हसत चहा प्याले असते. बह्याड पोट्ट्या म्हणून दोघींना चार शिव्या बसल्या असत्या. पण त्या रविवारी मला पाहायला तुमसरचे पाहुणे यायचे होते, शिकलेलं घर होतं, आणि कुंदाला ते ठाऊक होतं. मीच नाचत जाऊन आईला सिहोऱ्याला तसा निरोप धाडायला लावला होता. अशा पुस्तकात अशी वाक्यं लिहिणारी पोरगी म्हटल्यावर ते पाहुणे लाखनीच्या वेशीवरूनच परतले असते.

कुंदानं दुसऱ्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन याची तिनं वाट पाहिली, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. मी गिलासांच्या थाळीकडे पाहत होते. थाळीत पाणी सांडलेलं होतं.

"नाही सांगत," कुंदा म्हणाली.

तिचा नवरा उठला, चपला घातल्या आणि अंगणाबाहेर जाऊन उभा राहिला. मागून सगळे उठले. पेटी त्यांनी सोबत आणलीच होती, ती ओसरीवर ठेवून गेले.

घरी आल्यावर बाबांनी हात धुतले, भट्टीपाशी बसले आणि मला म्हणाले, "उद्यापासून पाटी मी लिहीन." बस. यापलीकडे मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. मीही नाही. मला वाचवण्यासाठी बाबा खोटं बोलले आणि मी त्यांना बोलू दिलं. खोका त्यांनी त्याच दिवशी फोडून भट्टीत घातला. ट्रकवाले विचारायचे, "सेठ, किताबें कहाँ गई?" बाबा म्हणायचे, "चूहे खा गये."

रविवारचे पाहुणे आले आणि मी पसंत पडले. माझ्या लग्नात कुंदा आली होती. हळदीला सवाष्णी बसल्या तेव्हा कुणी काही म्हणायच्या आधीच ती उठून मागे गेली आणि पंगतीचा भात उपसत राहिली. मी तुमसरला गेले, पुढे शाळेत मास्तरीण झाले, नोकरीभर मुलांना सुंदर अक्षराचे धडे दिले. परीक्षक माझ्या वर्गाचं अक्षर पाहून वा वा करायचे आणि मला घरी येऊन जेवण जायचं नाही. सिहोऱ्याच्या त्या मुलानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. कुंदा बापाघरी राहिली, बाप गेल्यावर भावाघरी. रोवणी, निंदण, कापणी, सगळी कामं तिच्या अंगावर. मी लाखनीला जायची तेव्हा ती बोलायची, चांगलं बोलायची, पोरांची चौकशी करायची. त्या दुपारबद्दल चकार शब्द नाही. मला वाटायचं, बरंच झालं, विसरली असेल. आपण केलेलं दुसऱ्यानं विसरावं असं आपल्याला किती लवकर वाटायला लागतं!

निवृत्त झाले आणि मोकळा वेळ मनाला खायला उठला. एक दिवस घरी न सांगता एसटीत बसले आणि सिहोऱ्याला उतरले. घर शोधायला त्रास पडला नाही. तो ओट्यावर बसून धानाची पोती शिवत होता. केस सगळे पांढरे. मी नाव सांगितलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पुस्तक, खळ, फुगे, पेटी. "थे अक्षर माहं होतं भाऊ. कोनी मानूस नव्हता. शाळेतल्या पोट्टीचं अक्षर होतं."

त्यानं दाभण बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "मले तवाबी तसंच काहीतरी वाटलं होतं." आतून त्याच्या बायकोनं विचारलं, कोण आलं म्हणून. "कोनी नाही," तो म्हणाला, आणि मला, "चाय घेता का?" त्यानं गिलास माझ्यापुढे ठेवला. आवाज न करता.

तिथून मी सरळ लाखनी गाठली. छातीवरचा धोंडा उतरला होता ना! कुंदा भावाच्या ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "कुंदे, मी सिहोऱ्याले जाऊन आली. त्याले सगळं खरं सांगतलं. थे म्या लिवलं होतं म्हनून सांगतलं."

सूप थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि साठीला टेकलेल्या त्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला ती सतरा वर्षांची दिसली. पदर सारखा केला तिनं. केसांवरून हात फिरवला.

"मंग?" ती म्हणाली. "काय म्हनला थो?"

मी सुपाची कड धरली.

"येतो म्हनला का?"

"नाही व."

"काहीच नाही म्हनला?"

"मले तवाबी तसंच वाटलं होतं, म्हनला."

तिनं सुपातला एक खडा उचलला, बाहेर टाकला. दुसरा शोधत राहिली. तांदळात खडे नव्हते.

"त्याले मालूम नाही म्हनून येत नाही," ती म्हणाली, "असं म्हनून म्या इतके साल काढले व शके. तू त्याले कायले सांगतलं?"

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो सोडवला नाही, नुसता तसाच राहू दिला. मग सूप उचलून ती आत गेली आणि आतून पुन्हा पाखडण्याचा आवाज यायला लागला. शेवटची एसटी जाईपर्यंत मी ओट्यावर बसून होते. तिनं मला जा म्हटलं नाही, आणि आत ये असंही म्हटलं नाही.